आत्याबरोबर जोगला

जोगचा धबधबा मी पहिल्यांदा अनुभवला तो सॅनिटोरियमच्या आवारात, एका नीलगिरीच्या झाडाखाली उभी राहून. मुलांना आत सोडत नसत. पलीकडच्या लांब व्हरांड्यात एका ओळीत खाटा असायच्या आणि त्यातल्या एका खाटेवर, तांबड्या घोंगडीत गळ्यापर्यंत गुंडाळलेली, माझी आत्या असायची. तिच्यापासून थोडं अंतर राखून अण्णा लोखंडी खुर्चीत बसत आणि तिला जोगच्या प्रवासाबद्दल सांगत. अंतर होतं म्हणून त्यांना मोठ्याने बोलावं लागे, आणि म्हणून झाडाखाली मलाही सगळं ऐकू येई.

अण्णा म्हणजे माझे वडील. आत्या त्यांची धाकटी बहीण. ती त्यांना अण्णा म्हणायची म्हणून मीही अण्णाच म्हणत आले. आमची माणसं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरात. आधी पेठेत राहायची, मग राजाजीनगर नवं नवं वसत होतं तेव्हा अण्णांनी तिथे बिऱ्हाड केलं. घरापुढे अजून नाचणीची शेतं होती. डिसेंबरात सकाळी दार उघडलं की धुकं पायरीपर्यंत आलेलं असायचं, आणि दूधवाला दिसायच्या आधी त्याच्या म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू यायची.

घरात चार माणसं. अण्णा, आई, आत्या आणि मी. चार माणसांत बोलणारं माणूस मात्र एकच, आत्या. आई मुळात मितभाषी, अण्णा कचेरीतून आले की रेल्वेचं वेळापत्रक घेऊन बसायचे. कुठे जायचं नसलं तरी त्यांना ते वाचायला आवडे. आत्या मात्र भांडी लावताना बोले, केस विंचरताना बोले, शेजारच्या अक्कांशी कुंपणावरून कानडीत बोले आणि वळून तेच आईला मराठीत सांगे. अर्धं मराठी, अर्धं कानडी, मध्ये मध्ये स्वतःच्याच बोलण्याला हसणं. मला झोप लागायची ती तिचा आवाज ऐकतच.

मग तिला खोकला लागला, ताप यायला लागला, आणि एके दिवशी तिला गावाबाहेरच्या सॅनिटोरियमात नेलं. क्षय झाला होता. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन.

दर रविवारी आम्ही भेटायला जायचो. पहिले काही रविवार फार वाईट गेले. घराचं नाव काढलं की आत्या रडायची. बरी झाल्यावर काय, हे बोलायचं धैर्य अण्णांना नव्हतं. काय बोलावं हे न सुचून असेच एकदा ते म्हणाले, "तू बरी झालीस की आपण जोगला जाऊ. हिवाळ्यात."

"हिवाळ्यात का?" आत्याने विचारलं.

"पावसाळ्यात पाणी खूप, पण धुक्यापावसात दिसत काही नाही. उन्हाळ्यात दिसतं सगळं, पण पाणीच नाही. हिवाळ्यात पाणीही असतं, दिसतंही, आणि पार खाली पायथ्यापर्यंत उतरता येतं."

"आणि जायचं कसं?"

बस्स. अण्णांना तेवढंच हवं होतं. त्या रविवारपासून प्रवास सुरू झाला. एका रविवारी गाडी तुमकूरपर्यंत गेली. पुढच्या रविवारी तिपटूर. डब्यात कोण कोण बसलं आहे, खिडकीतून काय दिसतं आहे, डब्यातून कुठली चपाती आणि कुठली चटणीपुडी निघाली आहे, सगळं अण्णा सांगत. तिपटूरच्या फलाटाबाहेर एक म्हातारा पांढऱ्या घोड्यावर नारळ लादून येतो, असं त्यांनी सांगितलं. बीरूरला स्टेशनच्या मागे एक वड आहे आणि त्याला पानांपेक्षा वटवाघळं जास्त आहेत, असंही सांगितलं. आत्या डोळे मिटून ऐकायची. मधेच विचारायची, "मी खिडकीशी बसले आहे ना?" अण्णा म्हणत, "तूच. दुसरं कोण?"

झाडाखाली उभी राहून मीही त्या गाडीत बसायची. नीलगिरीच्या पानांचा वास, उन्हात वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी, आणि अण्णांचा आवाज एकेक स्टेशन घेत चाललेला. त्या सगळ्या सकाळी मला आता एखाद्या स्वप्नासारख्या आठवतात. त्यात आजार कुठेच नाही. आत्याला रोज सुई टोचत होते, हे मला माहीत होतं, पण तेही जणू दुसऱ्या कुणाला.

अर्सिकेरेपर्यंत तिचा ताप उतरला होता. बीरूरला तिला भूक लागायला लागली. गाडी शिमोग्याला पोचली त्या रविवारी ती म्हणाली, "अण्णा, माझ्या कानात रातकिडे ओरडतात रे. दिवसासुद्धा."

अण्णा पुढचं स्टेशन सांगायला लागले.

आणि मग प्रत्यक्ष जोग आला. अण्णा त्या दिवशी फार रंगले होते. दरीच्या काठावर आपण उभे आहोत, समोर चार धारा पडताहेत, असं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काय, खाली उतरायचं ना?"

"हो," आत्या म्हणाली, "पण गूळ घालूनच."

अण्णा हसले. त्यांना वाटलं ती थट्टा करते आहे. त्यांनी पुन्हा विचारलं. आत्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर एक अवघडलेलं हसू होतं. खूप वेळापासून काहीच नीट ऐकू येत नसलेलं माणूस हसतं तसं ते होतं. अण्णांचं हसू हळूहळू गेलं. ते खुर्चीतून उठले आणि पहिल्यांदाच, सगळे नियम मोडून, तिच्या अगदी खाटेशी जाऊन उभे राहिले.

आत्या बरी झाली. त्या सुयांनी तिचा क्षय पार घालवला आणि जाताना त्या तिचे कानही घेऊन गेल्या. तिचा तोलही जरासा गेला. उजेडात ती नीट चाले, पण अंधार पडला की भिंतीला हात लावून जाई.

घरी आल्यावर पहिले काही दिवस ती पूर्वीसारखीच बोलत होती. फरक इतकाच, की स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नव्हता. तो वर चढायचा, किनरा व्हायचा, तिला कळायचं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. आत्या मोठ्या उत्साहाने सॅनिटोरियममधली काहीतरी गंमत सांगत होती. समोर बसलेल्या एका बाईने शेजारणीकडे बघून हळूच कानावर हात ठेवला आणि दोघी हसल्या. आत्याने ते पाहिलं. तिने वाक्य पूर्ण केलं, तिळगुळाचं ताट उचललं आणि आत गेली.

त्यानंतर ती बोललीच नाही. रागावून नव्हे. बोलायचं तिने जसं काही आवरून ठेवलं. मी शाळेत नेत नव्हते अशी माझी जुनी पाटी तिने घेतली आणि काही हवं असलं तर त्यावर लिही. आमचं बोलणं ती ओठांवरून ओळखायला शिकली. फार लवकर शिकली. मराठी आणि कानडी, दोन्ही. पण उत्तर पाटीवर. घर इतकं शांत झालं की संध्याकाळी वरणाला उकळी फुटलेली बाहेरच्या खोलीत ऐकू यायची.

असे दोन हिवाळे गेले. तिसरा सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी तिचा एक्स-रे पाहून सांगितलं, छाती स्वच्छ आहे, आता काही जपायला नको. त्या रात्री जेवताना आत्याने पाटी अण्णांसमोर ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं, "जोग?"

अण्णांचा घास हातातच राहिला.

नंतर स्वयंपाकघरात आई दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, लोक तिथे तो आवाज ऐकायला जातात. तिला तिथे नेऊन काय करायचं? उगाच दुःख."

"तिने मागितलंय," अण्णा म्हणाले. "मी कबूल केलंय. सरी, ठरलं. आता त्यावर चर्चा नको."

त्यांनी पुन्हा वेळापत्रक काढलं. पण या वेळी ते वाचताना त्यांचा चेहरा वेगळा होता. शेजारच्या अक्का मूळच्या सागर गावाकडच्या. त्यांच्या भावाची जोगच्या अलीकडे एका खेड्यात सुपारीची बाग होती. "हॉटेल-बिटेल कशाला? आमच्या घरी उतरा," असं त्यांनी कुंपणावरूनच ठरवून टाकलं. आत्याने आम्हा सगळ्यांसाठी लोकरीच्या कानटोप्या विणल्या. आईने अवलक्की, म्हणजे पोहे, भाजली, चटणीपुडी कुटली. निघायच्या आदल्या दिवशी घरभर भाजलेल्या खोबऱ्याचा आणि कढीलिंबाचा वास होता. त्या वासात मी उगाचच या खोलीतून त्या खोलीत फिरत होते.

सकाळच्या गाडीने निघालो. आत्या खिडकीशी बसली. तुमकूर गेलं आणि ती सावरून बसली. मग मला हळूहळू कळलं की ती वाट बघते आहे. एकेक स्टेशन यायच्या आधी ती माझ्या गुडघ्यावर बोटाने टकटक करी आणि बाहेर दाखवी. हा सगळा प्रवास तिने एकदा केलेला होता. तिला सगळं पाठ होतं.

तिपटूरला गाडी थांबली. फलाटावर नारळांचे ढीग होते. आत्या खिडकीतून पुढे वाकून इकडेतिकडे बघायला लागली. मग तिने पाटीवर लिहिलं, "पांढरा घोडा?"

अण्णा एकदम कावरेबावरे झाले. घसा खाकरून ते तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाले, "घोडा... आज आला नसेल."

आई त्यांच्याकडे बघत होती. तिने विचारलं, "अहो, तुम्ही पूर्वी कधी आला होतात इकडे?"

"कुठे आलोय," अण्णा पुटपुटले. "मी अर्सिकेरेच्या पुढे जन्मात गेलेलो नाही. तिपटूरलाही उतरलो कधी नाही. तिथे बसून काहीतरी सांगायचं तर..."

ते पुटपुटले होते तरी आत्याने ओठ वाचले. तिने पदराआड तोंड लपवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. हसत होती. आवाज न करता, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नंतर बीरूरला गाडी थांबली तर स्टेशनच्या मागे खरोखरच एक वड होता आणि त्याला वटवाघळं लटकलेली होती. अण्णा स्वतःच खिडकीतून बघतच राहिले.

रात्री शिमोग्याच्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, मुक्काम केला, आणि सकाळच्या गाडीने पुढे निघालो. सागर गाव ओलांडून दुपारी अक्कांच्या भावाकडे पोचलो. अंगणात सुपारीचा हंगाम चालला होता. मोठ्या तांब्याच्या हंड्यांत सोललेली सुपारी उकळत होती आणि तिचं लाल पाणी काठावर बुडबुडत होतं. सगळ्या हवेला तुरट, उबदार वास. त्या घरच्या वहिनींनी आत्याला काही विचारलं नाही. तिच्या हातात नुसती एक केळीच्या पानावरची गरम कडुबू, वाफवलेली तांदळाची वडी, ठेवली आणि ती खाताना समोर बसून राहिल्या. पाटी बघून त्यांनी मान डोलवली, इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने जोगला गेलो. बस थांबली आणि दार उघडताच मला तो आवाज आला. आधी वाटलं बसचं इंजिनच चालू आहे. मग ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि आवाज राहिला. तो कुठल्या एका बाजूने येत नव्हता. खालून येत होता, जमिनीतून.

पण दिसत काहीच नव्हतं. दरीत काठोकाठ धुकं भरलं होतं. कठडा होता, कठड्यापलीकडे पांढरं. बाकी जग संपलं होतं. आई, अण्णा आणि मी कठड्याशी उभे राहिलो आणि त्या पांढऱ्यात बघत ऐकत राहिलो. आईने नकळत हात जोडले होते.

मग मी आत्याकडे पाहिलं. ती आमच्याकडे बघत होती. आमच्या चेहऱ्यांकडे. मला एकदम उमगलं की आम्हाला निदान ऐकू तरी येतं आहे. तिच्यासाठी तिथे काहीच नव्हतं. इतक्या लांब येऊन ती एका कठड्यापाशी, पांढऱ्या हवेसमोर उभी होती. तिने पाटी काढली आणि लिहायला गेली, पण पाटी दवाने ओली झाली होती. खडू नुसता सरकला, उमटेना. तिने पदराने पुसली, पुन्हा लिहून पाहिलं. मग पाटी खाली ठेवली आणि डोळ्यांनीच मला विचारलं, आहे का?

मी जोरजोरात मान हलवली. आणखी काय करावं कळेना. मी तिचा हात धरला आणि तिचा तळवा कठड्याच्या दगडावर दाबून ठेवला. खरं तर मला स्वतःला त्या दगडात काही जाणवत नव्हतं. पण आत्या हात तसाच ठेवून स्तब्ध उभी राहिली. डोळे मिटले. सॅनिटोरियमात मिटायची तसे. कितीतरी वेळ आम्ही तशाच उभ्या होतो. धुकं आमच्या कानटोप्यांवर थेंब थेंब होऊन बसत होतं.

सूर्य वर आला तेव्हा धुकं हललं. आधी समोर, खूप उंचावर, एक काळाभोर खडक दिसला, हवेत तरंगत असल्यासारखा. मग त्याच्या कडेवरून सुटलेली पहिली धार. मी आत्याचा हात ओढला. तिने डोळे उघडले.

चारी धारा एकदम दिसल्याच नाहीत. एक दिसायची, झाकायची, दुसरी उघडायची. हिवाळ्याचं पाणी, फार नाही. राजा नावाची धार सरळ, उंच, खाली धुक्यात विरत जाणारी. इतक्या लांबून पाणी पडतंय असं वाटतच नव्हतं. ते सावकाश उतरत होतं. पिंजलेल्या कापसाचे पुंजके सोडावेत तसं. कानांना ऐकू येणारा धडधडाट आणि डोळ्यांना दिसणारी ती संथ धार, यांचा मेळ मला लागेना. मी कानांवर हात ठेवून पाहिलं. आणि क्षणभर मला आत्याचा जोग दिसला. नुसता उतरणारा, शांत, न संपणारा. तो आमच्या जोगपेक्षा कमी नव्हता.

आत्या कुणाकडे न बघता बघत राहिली. तिचे ओठ हलत होते.

थोड्या वेळाने अण्णांनी खालच्या वाटेकडे बोट केलं. लोक उतरत होते. दगडांच्या ओबडधोबड पायऱ्या, ओल्या, झाडांमधून वळत गेलेल्या.

"नको," आई म्हणाली. "तिचा तोल... आणि चढताना छातीवर ताण."

आत्याने आईचं बोलणं वाचलं. ती काही न म्हणता पहिल्या पायरीवर जाऊन उभी राहिली आणि मागे वळून आमची वाट बघायला लागली.

"सरी," अण्णा म्हणाले.

"सरी काय सरी," आई म्हणाली, पण साडीचा काष्टा खोचून पुढे झाली. "मी धरते तिला. तुम्ही पोरीला सांभाळा." आणि माझी अबोल आई आत्याच्या कमरेला हात घालून उतरायला लागली. दर वळणावर त्या दोघी थांबत. आई तिच्या तोंडाकडे बघे, दम लागला नाही ना. आत्या मान हलवी, पुन्हा उतरत.

खाली उतरत गेलो तसा आवाज वाढत गेला. शेवटच्या वळणानंतर तो इतका झाला की विचारही ऐकू येईनात. पायथ्याशी मोठमोठे काळे धोंडे पडले होते. वरून येणारं पाणी वाऱ्याने उडत होतं, उन्हात त्यात इंद्रधनुष्याचे तुकडे होते, आणि आमचे कपडे बघता बघता ओले झाले. अण्णा एका धोंड्यावरून आईला काहीतरी ओरडून सांगत होते. आई हाताने विचारत होती, काय? काय? अण्णांनी पुन्हा ओरडून सांगितलं. आईला काही कळेना. ते हातवारे करायला लागले. त्या हातवाऱ्यांवरून मला वाटलं ते सापाबद्दल सांगताहेत.

आणि मग त्या धडधडाटातून एक किनरा, उंच आवाज आला.

"वहिनी, शेवाळं आहे म्हणतोय! डाव्या दगडावर पाय देऊ नको!"

आम्ही तिघंही वळलो. आत्या बोलली होती. तिच्या लक्षातही आलं नव्हतं. आईने डाव्या दगडावर टेकलेला पाय उचलला आणि तशीच उभी राहिली. आत्याच्या त्या आवाजाला हळदीकुंकवात बायका हसल्या होत्या. इथे पाण्याच्या वरून ऐकू येईल असा दुसरा आवाजच नव्हता.

आईने काय केलं असेल? तिने आत्याकडे तोंड करून इतक्या सावकाश विचारलं, की ओठांवरून मलाही कळलं, "आणखी काय म्हणताहेत?"

"म्हणतोय साडी आवर. म्हणतोय तुला आणायलाच नको होतं," आत्या ओरडली, आणि मोठ्याने हसली.

मग तिला थांबवणंच अवघड झालं. त्या जागी सगळे बहिरे होते, एक तिच्याशिवाय. अण्णांचं आईला, आईचं मला, माझं अण्णांना, सगळं तीच पोचवत होती. पलीकडच्या धोंड्यावर एक नवं लग्न झालेलं जोडपं उभं होतं. बायको नवऱ्याला काहीतरी सांगत होती, तो कानाशी हात नेऊन "एनू? एनू?" करत होता. आत्या त्यांच्याकडे बघता बघता लाल झाली. मी तिला खुणेने विचारलं, काय म्हणतेय ती? आत्या म्हणाली, "ते तुला सांगण्यासारखं नाही!" एवढ्या मोठ्याने, की ती नवी नवरी दचकून बघायला लागली.

थोड्या वेळाने अण्णा आमच्यापासून दूर, पाण्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. आमच्याकडे त्यांची बाजू होती. ते वर धारेकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं स्तोत्र म्हणत असतील. आत्या त्यांच्याकडे बघत होती. मग ती उठली. आई तिला धरायला पुढे झाली तर तिने हातानेच थांबवलं आणि एकटी, धोंड्यांचा आधार घेत, अण्णांपर्यंत गेली. तिने त्यांच्या दंडाला धरून त्यांना स्वतःकडे वळवलं आणि काहीतरी म्हणाली. अण्णांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. तुषारांमुळे दोघंही पांढुरकी, अंधुक दिसत होती. मी जाऊ लागले तर आईने माझा हात घट्ट धरून ठेवला.

तिथे काय बोलणं झालं हे आत्याने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या सुया सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी अण्णांना बोलावून सांगितलं होतं, यात कान जाऊ शकतात, विचार करून सांगा. अण्णांनी तिथल्या तिथे हो म्हटलं होतं. तिला विचारलं नव्हतं, आईलाही सांगितलं नव्हतं. त्या आवाजात आपलं कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून ते धबधब्याला सांगत होते, "मी हो म्हटलं. मीच हो म्हटलं."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं होतं.

"म्हटलं, बरं केलंस. मला विचारलं असतंस तरी मी हेच सांगितलं असतं. इथे उभी आहे ना मी?" मग म्हणाली, "आणि घोड्याबद्दल थोडं बोलले."

वर चढायला खूप वेळ लागला. पाच-दहा पायऱ्या, मग बसायचं. ऊन झाडांतून तिरपं येत होतं. आता पाण्याचा आवाज मागे पडत होता, पण आत्याचा तसाच होता. ती दम खाण्यासाठी थांबे, दम आला की पुन्हा बोलायला लागे. दोन वर्षांचं साठलेलं होतं. सॅनिटोरियममधल्या शेजारच्या खाटेवरची बाई, तिचं हार्मोनियमवाल्याशी ठरलेलं लग्न, तिथल्या नर्सचं मांजर. वरून उतरणारे लोक वळून बघत होते. आई प्रत्येकाकडे अशी नजर रोखून बघत होती की कुणी हसलं नाही.

बेंगळुरात परतलो तेव्हा दुपार कलली होती. स्टेशनबाहेर झटकेवाले, आमच्याकडचे टांगेवाले, उभे होते. अण्णा पुढे होण्याआधी आत्याच पुढे झाली आणि कानडीत म्हणाली, राजाजीनगरला येतोस का. झटकेवाला त्या आवाजाने जरासा चकित झाला, घोडाही बुजला. मग त्याने मान डोलावली आणि तिला आधी बसू दिलं.

आत्याचा आवाज पुढे कधीच खाली आला नाही. गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा. पाहुणे बिचकायचे, मग सरावायचे. शेजारच्या अक्कांशी कुंपणावरच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या, आणि आता त्या सगळ्या गल्लीला कळायच्या. तिने लग्न केलं नाही. जयनगरला मी संसार थाटला तेव्हा ती माझ्याकडे बरेचदा येऊन राहायची. माझी मुलगी तान्ही होती, तिला मांडीवर घेऊन आत्या तिच्या त्या किनऱ्या, चढ्या सुरात काहीबाही सांगत बसायची, अर्धं मराठी, अर्धं कानडी. मी धावत यायची, मूल दचकेल म्हणून. मूल गाढ झोपलेलं असायचं.